पाखराशी खेळा, पण श्वास सांभाळून

बजाजनगरात भाड्याची खोली म्हणजे बहुतेक दहा बाय दहाची. तिथेच स्वयंपाक, तिथेच झोप, तिथेच मुलांचा अभ्यास. १९८५ साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. त्यानंतर कामासाठी आलेल्या कितीतरी कुटुंबांचे संसार अशाच खोल्यांतून उभे राहिले. आई-वडील दोघेही शिफ्टला गेले की मूल एकटे पडते. मग कोणीतरी लव्हबर्डची जोडी आणून देतो. पोराला तेवढाच विरंगुळा. यात चूक काहीच नाही. पाखराशी खेळताना मूल हसते, बोलते, जीव लावायला शिकते.

अशाच एका घरातला नऊ वर्षांचा मुलगा. दोन महिने कोरडा खोकला, जिना चढला की धाप. त्याची आई मला म्हणाली, "सिस्टर, चार बाटल्या औषध झालं, खोकला काही जाईना." टीबीची तपासणी झाली होती, त्यात काही निघाले नव्हते. एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात फिरणे सुरू होते.

मी घरी गेले तेव्हा पलंगाच्या वर खिळ्याला टांगलेला पिंजरा दिसला. पंखा सुरू होता आणि पिसांचा भुगा उशीवर पडत होता. मुलाने मोठ्या कौतुकाने मला त्याचा खेळ दाखवला. ओठांत बाजरीचा दाणा धरला आणि पाखराने तो चोचीने टिपला.

"घरात पाखरं आहेत, हे डॉक्टरांना सांगितलं का?" मी विचारले.

"नाही बाई. त्यांनी विचारलं नाही. आणि पाखरांचा खोकल्याशी काय संबंध?"

संबंध आहे. पाखराची विष्ठा वाळली की तिची पूड होते. पिसांतूनही बारीक भुकटी झडते. ती हवेत मिसळून रोज छातीत जाते. काहींच्या फुफ्फुसांना तिची ॲलर्जी होते. खोकला, धाप, थकवा, वजन घटणे अशी लक्षणे हळूहळू दिसू लागतात. दुर्लक्ष केले तर फुफ्फुसे कायमची कडक होऊ शकतात. दुसरा आजार जंतूंचा आहे. आजारी पोपट, लव्हबर्ड किंवा कबुतराकडून तो माणसाला होतो. ताप, डोकेदुखी, अंगदुखी आणि कोरडा खोकला येतो. वेळेत ओळखला तर तो गोळ्यांनी बरा होतो.

त्या मुलाला छातीच्या डॉक्टरांनी पाखरांपासून लांब ठेवायला सांगितले. जोडी मामाच्या घरी गेली. काही आठवड्यांत खोकला उतरला. पण मुलगा बरेच दिवस त्या रिकाम्या खिळ्याकडे बघत बसायचा. छाती वाचली, सोबती गेला. पहिल्या दिवसापासून काळजी घेतली असती तर कदाचित ही वेळ आली नसती. म्हणून हा लेख.

पिंजरा कुठे ठेवायचा?

झोपायच्या आणि स्वयंपाकाच्या जागेपासून शक्य तितका लांब ठेवा. गॅलरी असेल तर सावलीत, मांजर पोहोचणार नाही अशा उंचीवर. एकच खोली असेल तर खिडकीजवळ ठेवा, पण अंथरुणाच्या वर कधीच नाही. पिंजऱ्याखाली जुना पेपर अंथरून तो रोज बदला. साफ करताना कोरडा झाडू मारू नका. आधी पाणी शिंपडा, तोंडाला मास्क किंवा ओढणी बांधा आणि ओल्या फडक्याने पुसा. हे काम मोठ्यांनी करावे, मुलांनी नाही.

पाखराची छाती आपल्यापेक्षाही नाजूक असते. मच्छर अगरबत्ती आणि विडी-सिगारेटचा धूर त्याला सोसत नाही. नॉनस्टिक तवा फार तापला तर त्याच्या वाफेने पाखरू काही मिनिटांत मरू शकते.

खेळ कोणते?

पाखराला बाहेर काढण्याआधी पंखा बंद करा, दार-खिडकी लावा, गॅस विझवा. सुरू असलेल्या पंख्यात सापडून कितीतरी पाखरे जातात.

पहिला खेळ 'बोटावर ये'. बोट पाखराच्या पायांच्या वर, पोटाला हलकेच टेकवा आणि "ये" म्हणा. बोटावर चढले की राळ्याचे दोन दाणे द्या. दाणे तळहातावर ठेवून द्यायचे, ओठांवर नाही.

दुसरा खेळ 'दाणा शोध'. छपाई नसलेल्या कागदाच्या सैल गोळ्यात चार दाणे लपवा. पाखरू कागद कुरतडून ते शोधते. रानात त्याचा अर्धा दिवस दाणे शोधण्यात जातो. पिंजऱ्यात काम नसले की ते स्वतःचीच पिसे उपटू लागते.

तिसरा खेळ 'झाकण ढकल'. पाण्याच्या बाटलीचे धुतलेले झाकण जमिनीवर ठेवा. तुम्ही ढकला, मग पाखरू ढकलेल. दोरा, रबर, मणी देऊ नका, ते पायात किंवा गळ्यात अडकतात.

दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटे पुरतात. पाखरू चोच उघडून धापा टाकू लागले, चावू लागले किंवा कोपऱ्यात दडले तर खेळ थांबवा. खेळ संपला की साबणाने हात धुवा. पाखराची मुके घेणे, उष्टे भरवणे, त्याला जेवणाच्या ताटात बसवणे बंद करा. दमा, एचआयव्ही, कॅन्सरचे उपचार चालू असलेल्यांनी आणि गरोदर बायांनी पिंजरा साफ करू नये. गच्चीवर कबुतरे पाळणाऱ्यांनीही हीच काळजी घ्यावी.

हिरवा पोपट नको

लव्हबर्ड म्हणून विकतात ती छोटी रंगीत पाखरे बहुतेक वेळा बजरीगर असतात. ती मूळची ऑस्ट्रेलियाची आहेत आणि पाळता येतात. पण आपला हिरवा पोपट पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. घरात असेल तर पंख छाटलेल्या पोपटाला तसेच उडवून देऊ नका, तो जगणार नाही. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. बाण लागलेला हंस सिद्धार्थाने वाचवला, ही गोष्ट आपण मुलांना सांगतो. त्याच मुलांसमोर पोपटाचे पंख छाटायचे, हे बरोबर दिसत नाही.

पाखरू मेले तर

२००६ मध्ये नवापूरला कोंबड्यांमध्ये आणि २०२५ च्या सुरुवातीला उदगीरला कावळ्यांमध्ये बर्ड फ्लू आढळला होता. म्हणून मेलेल्या पाखराला उघड्या हाताने उचलू नका, मुलांना हात लावू देऊ नका. एकापाठोपाठ पाखरे मरत असतील तर जनावरांच्या सरकारी दवाखान्यात कळवा.

आणि शेवटची गोष्ट. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात टीबीची तपासणी करून घ्या, ती मोफत होते. पाखरे आहेत म्हणून टीबी नसेल असे गृहीत धरू नका. आणि डॉक्टरांनी विचारो न विचारो, केसपेपर हातात घेतानाच सांगा, "साहेब, आमच्या घरात पाखरं आहेत." या एका वाक्यामुळे त्या मुलाचे दोन महिने वाचले असते.