वाळवंटातला रस्ता राखणारे

लष्करी पोलीस म्हटले की रजेवरच्या जवानाचे कागद तपासणारा, पट्टा सैल दिसला तरी हटकणारा शिपाई आठवतो. हे चित्र खोटे नाही, पण दुसऱ्या महायुद्धात १९४० ते १९४३ या काळात ईजिप्त आणि लिबियाच्या वाळवंटात ब्रिटिश सेनेने जे युद्ध केले, त्याला ते पुरत नाही. लाल टोपीमुळे ‘रेडकॅप’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या पोलिसांचे तिथले पहिले काम गुन्हेगार पकडण्याचे नव्हतेच. रस्ता नसलेल्या मुलखात रस्ता आखायचा आणि तो वाहता ठेवायचा, हे त्यांचे काम होते. म्हणून त्यांची गणना शिस्तखात्यात न करता रसदीच्या आणि लढाईच्या यंत्रणेत करायला हवी.

यावर पहिला आक्षेप साहजिक आहे. चहूकडे मोकळे मैदान असताना वाहतूक पोलीस कशाला? कोंडी झाली तर गाडी बाजूने काढता येईलच की! पण हा मोकळेपणा फसवा होता. भुसभुशीत वाळूत ट्रक रुततात, खडकाळ पट्ट्यात टायर फाटतात, आणि धुळीच्या लोटात पुढची गाडीही दिसत नाही. किनाऱ्यालगत डांबरी रस्ता काय तो एकच. सोल्लूम आणि हलफाया इथे पठाराचा कडा आडवा येतो आणि सगळी सेना घाटाच्या अरुंद वाटेवर येऊन थबकते. सुरुंगांच्या पट्ट्यांनी उरलेल्या वाटाही बंद केल्या होत्या. एकीकडे समुद्र आणि दुसरीकडे कट्टाराचा खोलगट प्रदेश यांच्यामध्ये असलेल्या अल अलामेनच्या आघाडीवर जर्मन-इटालियन बाजूने साडेचार लाखांच्या आसपास सुरुंग पेरले होते. कुठूनही जाता येईल असे वाटणाऱ्या भूमीत खात्रीने जाता येईल अशा जागा मोजक्याच होत्या, आणि जिथे वाट मोजकी तिथे ती राखणारा माणूस लागतोच.

हे काम कसे चाले, हे अलामेनची ब्रिटिश चढाई सुरू झाली त्या २३ ऑक्टोबर १९४२ च्या रात्री दिसते. चिलखती दलांना पुढे नेण्यासाठी मागच्या भागात सूर्य, चंद्र, तारा अशा नावांच्या वाटा आखल्या होत्या. पेट्रोलच्या रिकाम्या डब्यांच्या पत्र्यात त्या आकृती कापून आत दिवा ठेवला जाई. उजेड येणाऱ्या चालकाला दिसावा, शत्रूला दिसू नये, अशा बेताने डब्याचे तोंड मागे वळवलेले असे. ड्रायव्हरला नकाशा वाचायची गरज उरली नाही. आपली आकृती धरून जायचे, एवढेच. न्यूझीलंडच्या डिव्हिजनचे पोलीस याच धर्तीवर पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराच्या खुणा रोवत पश्चिमेकडे सरकले. अलामेनपासून जवळपास दोन हजार किलोमीटरवरचे त्रिपोली २३ जानेवारी १९४३ रोजी, म्हणजे बरोबर तीन महिन्यांत, हाती आले. इतक्या लांब ताणलेल्या सेनेला पेट्रोल, पाणी आणि दारूगोळा अशा आखीव वाटांवरून पोचत होता.

दुसरा आक्षेप अधिक धारदार आहे. एवढी तयारी असूनही २४ ऑक्टोबरला सुरुंगांतल्या वाटांवर रणगाडे आणि ट्रक तुंबले, त्यांच्यावर बॉम्ब पडले, गाड्या पेटल्या. मग ही व्यवस्था फसली असे का म्हणू नये? कारण कोंडीचे मूळ वाटेच्या पुढच्या टोकाला होते. सुरुंग काढणाऱ्या सॅपर्सना तोफांच्या माऱ्यात वेळेत पलीकडे निघता आले नाही, काही ठिकाणी पलीकडचा चढ शत्रूच्याच हाती राहिला. पोलीस असलेली वाट नियमात ठेवू शकतो, नसलेली वाट उघडू शकत नाही. त्यांच्या कामाचे मोल ठरवताना ही मर्यादा मान्य केलीच पाहिजे. पण पुढे तोंड बंद असताना मागून येणाऱ्या गाड्या थोपवल्या नाहीत, तर माघारीलाही जागा उरत नाही, हेही त्याच कोंडीने दाखवले.

वाटेवरून पुढे रसद जाई, तसे मागे कैदी येत. डिसेंबर १९४० ते फेब्रुवारी १९४१ च्या मोहिमेत तीसेक हजारांच्या ब्रिटिश, भारतीय आणि ऑस्ट्रेलियन फौजेने सुमारे १ लाख ३० हजार इटालियन सैनिक पकडले. पकडणाऱ्यांच्या चौपट माणसांना पाणी देत, मोजत, पिछाडीला नेण्याचे कामही या पोलिसांवर येई. कैद्यांना लवकरात लवकर लढाईच्या टापूबाहेर हलवावे, विनाकारण धोक्यात ठेवू नये, असे १९२९ चा जिनिव्हा करार सांगत होता. शत्रूसाठी एवढी यातायात कशाला, असे कुणाला वाटेल. पण पारडे फिरायला वेळ लागत नाही. २० जून १९४२ रोजी टोब्रुकच्या ब्रिटिश ठाण्यावर जर्मन हल्ला कोसळला तो मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या दुसऱ्या पलटणीच्या मोर्च्यावर. दुसऱ्या दिवशी ठाणे पडले आणि तिथले हजारो सैनिक कैदी झाले. कैद्यांविषयीचा नियम दोन्ही बाजूंनी पाळला गेला, तरच आपल्या माणसाला त्याचा आधार मिळतो.

उरतो तो जाचाचा आक्षेप, आणि तो पूर्णपणे खोडता येणार नाही. पळून गेलेल्यांना शोधणे हेही याच पोलिसांचे काम होते. १९४२ मध्ये पलायनाचे प्रमाण इतके वाढले की मध्यपूर्वेतले ब्रिटिश सरसेनापती ऑकिनलेक यांनी पलायनासाठीची, १९३० मध्ये रद्द झालेली मृत्युदंडाची शिक्षा परत आणण्याची मागणी केली. लंडनने ती मान्य केली नाही. मात्र माघारीत पलटणीपासून तुटलेला प्रत्येक जण पळपुटा नसतो. अशा भरकटलेल्याला हेरून, पाणी पाजून, त्याच्या तुकडीकडे धाडणारी चौकी ही शिक्षेइतकीच सोडवणूकही होती.

युद्धातल्या कामगिरीची दखल म्हणून १९४६ मध्ये या दलाला ‘रॉयल’ ही उपाधी मिळाली. वाळवंटातल्या विजयाचा हिशेब मांडताना रणगाडे आणि तोफा मोजल्या जातात, आणि त्या मोजायलाच हव्यात. पण ते रणगाडे ठरलेल्या रात्री ठरलेल्या जागी पोचवणाऱ्या लष्करी पोलिसांचे नाव त्या हिशेबात नसेल, तर तो हिशेब अपुरा आहे.