समुद्राविना किनारा : वर्धा जिल्ह्यातील जलकाठांचे छायाचित्रण

वर्धा जिल्हा कोणत्याही समुद्रापासून सुमारे पाचशे किलोमीटर दूर असला, तरी जमीन जेथे संपते आणि पाणी जेथे सुरू होते त्या रेषेचे छायाचित्रण करू पाहणाऱ्याला येथे विषयांची वानवा भासत नाही. पश्चिमेकडे अमरावती व यवतमाळ या जिल्ह्यांशी सीमा आखत वाहणारी वर्धा नदी, आर्वीकडील डोंगराळ भागात उगम पावून पवनारच्या काळ्या खडकांवरून जाणारी धाम, हिंगणघाटला वळसा घालणारी वणा, सेलू तालुक्यातील बोर धरण, महाकाळीचा धाम प्रकल्प आणि धनोडीजवळचे निम्न वर्धा धरण एवढी जलसंपत्ती या एका जिल्ह्यात आहे. मराठीत किनाऱ्याच्या छायाचित्रणाचा विचार बहुधा कोकणाच्या संदर्भात होतो आणि त्यामुळे विदर्भातील हौशी छायाचित्रकार सुट्टी मिळताच तारकर्ली किंवा गणपतीपुळे गाठतो. घराजवळचा काठ मात्र त्याच्या लेखी फारसा किनारा ठरत नाही.

समुद्रकाठ आणि धरणकाठ यांतील मूलभूत फरक पाण्याच्या चढउताराच्या गतीचा आहे. कोकणात दिवसातून साधारण दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येत असल्यामुळे एकाच सकाळी एकच खडक बुडालेला आणि उघडा असा दोन्ही रूपांत टिपता येतो, तर वर्ध्यातील जलाशयाला वर्षातून एकच भरती असते आणि एकच ओहोटी. जून ते सप्टेंबर या काळात वर्षाच्या पावसाचा बहुतेक भाग पडतो आणि चांगल्या वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस जलाशय पूर्ण संचय पातळीपर्यंत, म्हणजे धरणात जास्तीत जास्त जेवढे पाणी साठवायचे ठरवलेले असते त्या उंचीपर्यंत, पोहोचतो. त्यानंतर सिंचन, पिण्याचे पाणी आणि बाष्पीभवन यांमुळे ती पातळी पुढील पावसापर्यंत उतरत राहते. समुद्राच्या भरतीचे वेळापत्रक चंद्र आणि सूर्य ठरवतात, पण धरणाच्या ओहोटीचे वेळापत्रक बव्हंशी माणसे ठरवतात, आणि छायाचित्रकाराच्या दृष्टीने हा तपशील वाटतो त्यापेक्षा फार महत्त्वाचा आहे.

त्याचे कारण उन्हाळ्याच्या तोंडावर जलाशयाच्या उघड्या पडलेल्या उतारावर दिसते. रब्बीच्या गव्हा-हरभऱ्यासाठी कालव्यातून पाण्याची पाळी सोडली, की पातळी झपाट्याने खाली येते, आणि पाळी बंद झाली की ती काही काळ जवळपास स्थिर राहते. त्या स्थिर काळात वाऱ्याने उठलेल्या बारीक लाटा काठावर सतत आपटून मातीत एक उथळ पायरी कोरतात, पाण्याबरोबर तरंगत आलेला काडीकचरा त्या पायरीवर साचतो, आणि पुढची पाळी सुटताच ती पायरी कोरडी पडून वर राहते. मार्च-एप्रिलमध्ये तिरप्या उन्हात अशा अनेक समांतर रेषा उतारावर एकाखाली एक दिसतात आणि सावल्यांमुळे प्रत्येक रेषा ठळक होते. हे दृश्य देखणे आहे यात शंका नाही; परंतु ज्याला त्या रेषांमागचे कारण ठाऊक आहे त्याच्या दृष्टीने ती लाभक्षेत्रातील, म्हणजे धरणाचे पाणी मिळणाऱ्या शेतीतील, एका हंगामाची जमाखर्चाची वहीसुद्धा आहे, आणि अशा छायाचित्राला केवळ ‘नक्षी’ म्हणून पाहणे म्हणजे वही उघडून तिच्या फक्त शाईचे कौतुक करण्यासारखे आहे.

त्याच उताराच्या खालच्या भागात गाळपेरीची शेती असते. जलाशयाचे पाणी मागे हटल्यावर उघड्या पडलेल्या, गाळाने सुपीक झालेल्या जमिनीत जे अल्प मुदतीचे पीक घेतले जाते त्यास गाळपेर म्हणतात, आणि महाराष्ट्रात अशी जमीन हंगामापुरती कसण्यास देण्याची शासकीय पद्धत आहे. हिरवे वाफे, त्यांच्या पलीकडे भेगाळलेला गाळ, त्यापलीकडे पाणी आणि सर्वांत मागे सागाने झाकलेल्या टेकड्या अशी चार पट्ट्यांची रचना बोर धरणाच्या परिसरात जशी जमते, तशी कोकणच्या वाळूवर जमणे कठीण आहे. भेगांचेही एक स्वतंत्र शास्त्र आहे : सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनलेला बेसाल्ट, म्हणजे काळा पाषाण, झिजून जी काळी कसदार माती तयार होते तिच्यातील चिकणमातीचे कण पाणी शोषून फुगतात आणि वाळताना आक्रसतात, त्यामुळे पृष्ठभाग बहुकोनी तुकड्यांत फाटतो. वरचा पापुद्रा वाळलेला दिसला तरी खालचा गाळ ओला राहू शकतो, म्हणून तिपाई घेऊन थेट पाण्यापर्यंत जाणे अंगाशी येऊ शकते, आणि स्थानिक ढिवर, म्हणजे मासेमारी करणारे लोक, ज्या पायवाटेने आपल्या डोंग्याकडे जातात तीच वाट धरणे शहाणपणाचे असते.

प्रकाशाच्या बाबतीत वर्ध्याचे स्वतःचे असे एक गणित आहे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर आधारलेली असून वर्धा शहर सुमारे ७८.६ अंशांवर आहे. पृथ्वीला एक अंश फिरण्यास चार मिनिटे लागत असल्यामुळे येथील सौरवेळ घड्याळाच्या सुमारे सोळा मिनिटे मागे राहते, तर मालवणसारख्या ठिकाणी हा फरक छत्तीस मिनिटांच्या आसपास जातो. म्हणजे कोकणात ठरलेली घड्याळाची सवय घेऊन वर्ध्याच्या काठावर आलेला छायाचित्रकार पहाटे सुमारे वीस मिनिटे उशिरा पोहोचतो, आणि ही वीस मिनिटे क्षुल्लक नाहीत. सूर्य क्षितिजाखाली सहा अंशांपर्यंत असतानाच्या उजेडाला नागरी संधिप्रकाश म्हणतात आणि या अक्षांशावर तो जेमतेम बावीस ते पंचवीस मिनिटे टिकतो. पाणी आणि आकाश यांच्या तेजातील तफावत त्या वेळी सर्वांत कमी असल्यामुळे दोन्हींचा तपशील एकाच चित्रात सामावतो. डिसेंबर-जानेवारीत रात्रभर थंड झालेल्या हवेपेक्षा जलाशयाचे पाणी उबदार असते, त्यामुळे पाण्यावरून वाफेसारखे धुके उठते, आणि ऊन तापून वारा सुटेपर्यंत पृष्ठभाग निश्चल राहतो. याच काळात चक्रवाकासारखे हिवाळी पाहुणे काठावर उतरतात. मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांवर जातो तेव्हा मात्र तापलेल्या हवेच्या थरांमुळे दूरचा काठ थरथरताना दिसतो आणि महागडी लेन्ससुद्धा त्याला स्थिर करू शकत नाही. त्या दिवसांत सकाळी आठनंतर कॅमेरा पिशवीत ठेवलेलाच बरा.

साधनांपैकी दोनच फिल्टरांचा विचार येथे पुरेसा आहे. पोलरायझर हा फिल्टर विशिष्ट दिशेने कंप पावणारा परावर्तित प्रकाश अडवतो आणि पाण्याच्या पृष्ठभागाशी सुमारे सदतीस अंशांचा कोन करून पाहिले असता त्याचा परिणाम सर्वाधिक होतो. तो फिरवला की आकाशाचे प्रतिबिंब विरते आणि तळाचे दगड दिसू लागतात. काय दाखवायचे, वरचे आकाश की खालचा तळ, हा निर्णय छायाचित्रकाराला तेथेच घ्यावा लागतो, कारण दोन्ही एकाच वेळी मिळत नाहीत. दुसरा फिल्टर एनडी, म्हणजे रंग न बदलता प्रकाश कमी करणारी गडद काच. दहा स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे प्रकाश दहा वेळा निम्मा करणारा, १,०२४ पट कमी प्रकाश आत सोडतो, त्यामुळे जे चित्र १/३० सेकंदात आले असते त्यासाठी सुमारे ३४ सेकंद शटर उघडे ठेवावे लागते. तेवढ्या वेळात वाहते पाणी दुधाळ धुरासारखे होते आणि खडक तेवढे स्थिर राहतात.

पवनारला हे तंत्र फार लोकप्रिय आहे, आणि नेमके तेथेच ते सर्वांत कमी वापरले जावे असे म्हणण्यास जागा आहे. वर्धा शहरापासून सुमारे आठ किलोमीटरवर धाम नदी अनेक लहान धारांत विभागून काळ्या खडकांतून वाहते. काठावर विनोबा भावे यांचा आश्रम आहे, जेथे ते १९३८ मध्ये राहण्यास आले, ज्या गावातून १७ ऑक्टोबर १९४० रोजी त्यांनी पहिले सत्याग्रही म्हणून वैयक्तिक सत्याग्रहाची सुरुवात केली आणि जेथे १९५९ मध्ये त्यांनी स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिर स्थापन केले. गांधीजींच्या अस्थींचे विसर्जन १९४८ मध्ये याच नदीत झाले आणि दरवर्षी १२ फेब्रुवारीला येथे त्या स्मृतीचा मेळा भरतो. उन्हाळ्यात या पात्रात दिसणारे पाणी वर महाकाळीहून केव्हा आणि किती सोडले जाते यावरही अवलंबून असते, कारण शहराला पाणीपुरवठा याच नदीतून होतो. अशा नदीला चौतीस सेकंदांच्या उघड्या शटरने गुळगुळीत केले, की धुणे धुणाऱ्या बायका, पोहणारी मुले, खडकात अडकलेले निर्माल्य आणि प्लॅस्टिक, शेवाळाचा हिरवा थर हे सारे पुसट होते किंवा नाहीसे होते, आणि उरते ते कोणत्याही देशातील कोणत्याही किनाऱ्याचे असू शकेल असे एक शांत चित्र. ही शांतता नदीची नसून फिल्टरची असते. १/८ ते १/२ सेकंदाच्या दरम्यानचा वेग वापरला तर धारेची दिशा आणि ओढ दिसते, तिचा खळखळाट जाणवतो आणि काठावरचा माणूसही, थोडा हललेला का होईना, चित्रात राहतो.

निसर्गात व्यक्तिगत अर्थ शोधण्याची भाषा छायाचित्रकारांमध्ये रूढ झाली आहे, पण तो अर्थ बहुतेकदा स्थळावर बाहेरून लादला जातो. याबाबत एक जुना धडा याच जिल्ह्यात, सेवाग्रामला, उपलब्ध आहे. गांधीजींचे नातलग कनू गांधी यांनी आश्रमात छायाचित्रण सुरू केले तेव्हा गांधीजींनी त्यांना तीन अटी घातल्या होत्या : फ्लॅश वापरायचा नाही, छायाचित्रासाठी म्हणून बसण्या-उभे राहण्यास सांगायचे नाही, आणि आश्रमाने त्यासाठी पैसा द्यायचा नाही. घनश्यामदास बिर्ला यांनी दिलेल्या शंभर रुपयांतून कॅमेरा आला. आश्रमातील कुटीच्या आतील अपुऱ्या उजेडामुळे कनू गांधींची काही चित्रे अस्पष्ट आणि रवाळ उतरली, परंतु आश्रमाचे दैनंदिन जीवन जितक्या जवळून त्यांत दिसते तितके सजवून काढलेल्या छायाचित्रांत क्वचितच सापडते. या अटी व्यक्तिचित्रणासाठी होत्या, तरी पहिल्या दोन नदीकाठालाही लागू होतात : आहे तो उजेड स्वीकारायचा आणि समोरच्याला हवे तसे उभे करायचे नाही. चौकटीत अडथळा ठरणारे बेशरमाचे झुडूप उपटणे, चांगल्या प्रतिबिंबासाठी ढिवराला डोंगा पुन्हा वल्हवण्यास सांगणे, पाखरे उडावीत म्हणून दगड भिरकावणे, हे सारे दुसऱ्या अटीचा भंग करणारेच प्रकार आहेत. एकाच काठावर वर्षभर परतून जाणाऱ्याला अर्थ वेगळा शोधावा लागत नाही. ऑगस्टमध्ये ज्या पळसाचे खोड पाण्यात होते तोच पळस मार्चमध्ये काठापासून बराच वर, केशरी फुलांनी भरलेला दिसतो, आणि दोन चित्रे शेजारी ठेवली की मधले सात महिने समजतात.

व्यावहारिक बाजू थोडक्यात सांगता येते. बोरचे अभयारण्य १९७० चे असून २०१४ मध्ये ते व्याघ्र प्रकल्प म्हणून घोषित झाले, त्यामुळे जंगलातील काठावर वन विभागाच्या नियमांप्रमाणे आणि ठरलेल्या वेळेतच जाता येते; धरणाच्या भिंतीवर छायाचित्रण करण्यापूर्वी जलसंपदा विभागाच्या कार्यालयात विचारणा करावी. पावसाळ्यात धरणाची दारे उघडण्याची शक्यता असताना खालच्या पात्रात तिपाई लावू नये, कारण आकाश निरभ्र असतानाही पाणी चढू शकते.

जिल्ह्यातील अनेक घरांत धरणे भरल्याची, पवनारच्या मेळ्याची, आटलेल्या पात्रातील झऱ्यांची जुनी छायाचित्रे असतील. ज्यांच्याकडे अशी चित्रे आहेत त्यांनी प्रत्येकाच्या मागे स्थळ, महिना आणि वर्ष आठवेल तेवढे आजच लिहून ठेवावे, आणि जे नव्याने काढत आहेत त्यांनी त्याबरोबर धरणावरील मोजपट्टीची पाणीपातळीही नोंदवावी.