खेळाडूचं शरीर (भाग ७) : पुन्हा कधी खेळणार?

गुडघ्यातलं लिगामेंट तुटतं म्हणजे नेमकं काय होतं, ते मागच्या आठवड्यात आपण पाहिलं. त्यावर विटा, कोरेगाव, जत, फलटण अशा गावांहून पालकांची पत्रं आली. कुणाची मुलगी कबड्डीत पकडीखाली सापडलेली, कुणाच्या मुलाचा पाय मातीत फिरलेला. मजकूर वेगळा, पण शेवटचा प्रश्न झाडून सगळ्यांचा एकच : पुन्हा कधी खेळणार? पोर सध्या दिवसभर काय करतं, याबद्दल मात्र कुणी एक ओळ लिहिली नव्हती. आजचा भाग त्या ओळीबद्दल आहे. दुखापतीनंतर पोराची उमेद टिकते की खचते, हे त्याला कोण किती धीर देतं यावर फारसं ठरत नाही. सकाळी डोळे उघडल्यावर त्याच्यापुढे आज करायचं काही काम आहे की नाही, यावर ठरतं.

पण आधी तारखेचा विषय मिटवून टाकू, कारण तो मिटल्याशिवाय घरात दुसरं काही बोललं जात नाही.

सांगलीत गुडघ्याचा विषय निघाला की स्मृती मानधनाचं नाव निघतंच. माधवनगरमध्ये वाढलेली ही मुलगी जानेवारी २०१७मध्ये ऑस्ट्रेलियातल्या महिला बिग बॅश लीगमध्ये ब्रिस्बेन हीटकडून खेळत होती. तिथे गुडघ्यातलं एसीएल हे लिगामेंट दुखावलं. वय २०. फेब्रुवारीत कोलंबोला विश्वचषकाची पात्रता स्पर्धा झाली, ती हुकली. मे महिन्यातली दक्षिण आफ्रिकेतली चौरंगी मालिकाही हुकली. आणि २४ जूनला डर्बीच्या मैदानावर विश्वचषकाच्या पहिल्याच सामन्यात इंग्लंडविरुद्ध तिने ७२ चेंडूंत ९० धावा कुटल्या. पाच दिवसांनी टाँटनला वेस्ट इंडीजविरुद्ध नाबाद १०६.

‘स्मृती पाच महिन्यांत परतली, मग आमच्या पोराला डॉक्टर नऊ महिने का सांगतात?’ हा प्रश्न इथूनच येतो. त्याचं एक उत्तर सरळ आहे. ती बंगळूरच्या राष्ट्रीय क्रिकेट अकादमीत होती. तिथे दुखापतीतून सावरायला मदत करणारी माणसं रोज हाताशी असतात. आपलं पोर पंधरा दिवसांतून एकदा एसटीने मिरजेला किंवा साताऱ्याला फिजिओकडे जातं. दुसरं उत्तर कुणी काढत नाही. त्याच विश्वचषकात पुढचे सात डाव तिच्या वाट्याला आले आणि सातांत मिळून ३६ धावा झाल्या. लॉर्ड्सवरच्या अंतिम सामन्यात तर शून्य. गुडघ्यामुळे असं झालं, असं मी म्हणत नाही. फॉर्म असाच येतो आणि जातो. पण परत येण्याची गोष्ट आपण नेहमी पहिल्या दोन डावांपाशी थांबवतो. शाळकरी पोरांच्या कानावर तेवढीच जाते आणि मग सातव्या डावाला ती हबकतात.

आता डॉक्टरांचे नऊ महिने. तुटलेल्या एसीएलच्या जागी सहसा त्याच माणसाच्या मांडीचा किंवा वाटीखालचा स्नायूबंध काढून बसवतात. तो बसवला त्या दिवशी चांगला मजबूत असतो. गंमत पुढे आहे. त्याचा रक्तपुरवठा तुटलेला असतो, त्यामुळे पहिल्या काही आठवड्यांत तो उलट कमकुवत होत जातो आणि मग हळूहळू नव्या पेशींनी भरून निघतो. सगळ्यात कच्चा असतो तो साधारण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात. नेमकी त्याच सुमाराला सूज उतरलेली असते, दुखणं थांबलेलं असतं आणि पोर जिना दणादणा उतरू लागतं. तासगावकडच्या बागाईतदारांना हे वेगळं सांगायला नको. कलम जगलं, पानं फुटली, म्हणून कुणी लगेच त्यावर घड धरत नाही.

नॉर्वे आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१६मध्ये याचा हिशेब मांडला. शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांपर्यंत खेळाडूने मैदानावर परतणं जितकं लांबवलं, तितकं, दर महिन्यामागे, पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्याने कमी होत गेलं. नऊ महिन्यांनंतर आणखी थांबून तसा फायदा दिसला नाही. त्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या एका आढाव्यात पंचविशीच्या आतले, खेळात परतलेले खेळाडू पाहिले, तर शंभरातल्या सुमारे २३ जणांना त्याच नाहीतर दुसऱ्या गुडघ्याला पुन्हा दुखापत झालेली. चौघा-पाचांत एक. जत्रेतल्या कुस्तीच्या मैदानासाठी नऊ महिने भरायच्या दोन महिने आधी पोराला मातीत उतरवायचं का, हे ठरवताना वस्तादांनी आणि वडिलांनी हा आकडा समोर ठेवावा.

आपल्या भागात ही घाई कुठून येते, हेही बोललं पाहिजे. दहावी-बारावीला मिळणारे क्रीडा सवलतीचे गुण हे एक कारण. पोलीस भरती हे दुसरं. सातारा-सांगलीच्या किती गावांत पहाटे साडेपाचला डांबरी रस्त्यावर पोरं-पोरी पळताना दिसतात! त्यांच्यासाठी गुडघा ही हौस नाही, नोकरी आहे. म्हणून त्यांना नुसतं ‘आराम कर’ सांगून भागत नाही. आराम म्हणजे इतरांच्या मागे पडणं, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं आणि ते खोटंही नाही.

मग काम काय द्यायचं?

पहिलं काम अंथरुणातच सुरू होतं. गुडघ्यात पाणी साचलं की मेंदू मांडीच्या पुढच्या स्नायूला आखडता हात घेऊनच आज्ञा देतो. पोर म्हणतं, ‘मी ताकद लावतोय, पण मांडी ऐकतच नाही.’ ते नाटक नसतं. त्यावरचा पहिला व्यायाम बघणाऱ्याला हसू येईल इतका किरकोळ आहे. पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि गुडघ्याने ती खाली दाबायची. वाटीच्या वर, आतल्या बाजूला बोटं ठेवली तर स्नायू कडक होतो की नाही ते लगेच कळतं. पाच मोजेपर्यंत दाबायचं, सोडायचं. पहिल्या दिवशी बोटांखाली नुसती थरथर जाणवते. चार दिवसांनी एक गाठ उठते. आठवड्याने टाच अंथरुणावरून किंचित वर येते. फिजिओने सांगितलं असेल तेवढ्याच वेळा करायचं, पण रोज करायचं आणि वहीत लिहायचं. ही वही मला फार महत्त्वाची वाटते. धावण्याची वेळ, मारलेल्या बैठका, केलेले गुण अशी मोजायची सवय लागलेल्या पोराकडून दुखापत पहिल्यांदा आकडेच हिरावून घेते. ते परत द्यावे लागतात. गुडघा आज किती अंशात वाकला, पाय सरळ ठेवून कितीदा उचलला, हे नवे आकडे.

दुसरं काम धडधाकट पायाचं. १८९४मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठात एडवर्ड स्क्रिप्चर यांच्या प्रयोगशाळेत असं दिसलं की एकाच हाताचा व्यायाम केला तरी दुसऱ्या हाताचीही ताकद वाढते. तेव्हापासून हे पुन्हापुन्हा तपासलं गेलंय. वाढ थोडी असते, पण मोजता येण्याइतकी असते. कारण स्नायूंइतकंच मेंदूही शिकत असतो. म्हणजे डावा पाय ब्रेसमध्ये असताना उजव्या पायाचा व्यायाम करणं हा वेळ घालवण्याचा उद्योग नव्हे. त्यातलं काहीतरी डाव्याला पोचतं.

तिसरं काम ऐकून आमच्या एका वस्तादांनी भुवया उंचावल्या होत्या. हलायचंच नाही, फक्त मनात करायचं. २०१४मध्ये ओहायो विद्यापीठातल्या संशोधकांनी काही निरोगी माणसांचं मनगट चार आठवडे प्लास्टरमध्ये ठेवलं. त्यातल्या निम्म्यांनी आठवड्यातले पाच दिवस, आपण मनगट सगळी ताकद लावून वाकवतोय, अशी कल्पना करायची. प्लास्टर काढल्यावर काहीच न केलेल्यांची ताकद सुमारे ४५ टक्के घटली होती. कल्पना करणाऱ्यांची २४ टक्के. चमत्कार नाही हा, घट झालीच. पण निम्मी वाचली. चढाई करणाऱ्या मुलीने रोज दहा मिनिटं डोळे मिटून आपलीच चढाई पहिल्या पावलापासून करावी : मध्यरेषा, बोनस रेषा, डाव्या कोपऱ्यातल्या खेळाडूची नजर, परत फिरण्याचा क्षण. ‘मी बरी होणार, मी बरी होणार’ असं घोकण्यापेक्षा हे शंभर पटींनी कामाचं.

आणि चौथं, ज्यावर खरं तर सगळं अडतं : पोराला संघाबाहेर काढू नका. दुखापत झालेला खेळाडू घरी बसतो, भेटायला येणारे पाहुणे ‘आता खेळबिळ बास’ म्हणून जातात, आजी मायेने तुपातला शिरा पुढे करते आणि मैदानावरची पोरं दोन आठवड्यांत विसरतात. शिरा खाऊ दे, पण त्याबरोबर अंडी, उसळ, शेंगदाणे, दूध हवं. झीज झालेली मांडी प्रथिनांनी भरते. कराडजवळच्या एका तालमीत मी पाहिलं, सोळा-सतरा वर्षांचं पोर पायाला ब्रेस लावून मातीच्या कडेला पाटावर बसलेलं. मांडीवर वही. वस्तादांनी त्याला काम लावून दिलं होतं : कोण कुठल्या बाजूने पटात घुसतं, ढाक मारण्याआधी कुणाचा खांदा पडतो, सगळं टिपायचं. लढत संपली की तो जागेवरूनच ओरडायचा, ‘आरं, दर टायमाला उजवा पाय आधी उचलतोयस!’ आणि समोरचा मुकाट ऐकायचा. वस्ताद मला म्हणाले, ‘हा पोरगा आता नुसतं बघून डाव वळकतोय.’ बरा होऊन मातीत उतरेल तेव्हा हे त्याच्या कामी येईल की नाही ते पुढे दिसेल. पण तो रोज संध्याकाळी पाचला तालमीत हजर असतो, एवढं मी पाहिलं. एक विनंती मात्र त्याच वस्तादांना आणि सगळ्यांनाच : सुजलेला, गरम लागणारा गुडघा कितीही मुरलेल्या हातांनी चोळू नका.

पळणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. साताऱ्याची पोरं विचारतात, यवतेश्वरचा घाट कधी? चढ आधी येतो, उतार सगळ्यात शेवटी. उतारावर प्रत्येक पावलाला मांडीच्या स्नायूला लांबत लांबत ब्रेक लावावा लागतो आणि वाटीवर भार येतो. म्हणून परवानगी मिळाली तरी सुरुवातीला घाट चढायचा आणि उतरताना गाडीत बसायचं. लाज वाटून घेऊ नये.

प्रत्येक जण जिथून पडला तिथेच परत येतो, असं नाही. त्याबद्दल गप्प बसणं मला अप्रामाणिक वाटतं. आटपाडी तालुक्यातल्या करगणीचे सचिन खिलारी शाळकरी वयात सायकलवरून पडले आणि डावा हात मोडला. त्यात पुढे गँगरीन झालं, शस्त्रक्रिया झाल्या, तरी हात पूर्ववत झाला नाही. ते इंजिनिअर झाले. पॅरा अ‍ॅथलेटिक्समध्ये आले ते भालाफेकीत, पण खांद्याच्या दुखापतीने भाला सुटला आणि हातात गोळा आला. ४ सप्टेंबर २०२४ला पॅरिस पॅरालिंपिकमध्ये एफ-४६ गटात त्यांनी १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्य जिंकलं. सुवर्ण फक्त सहा सेंटिमीटरने लांब राहिलं. ज्या हाताने फेकायचं तो शाबूत होता, एवढ्यावर त्यांनी सगळं उभारलं.

त्याआधीचं नाव पेठ-इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकरांचं. पोरवयातच लष्करात गेलेले, तिथले बॉक्सर. १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्या तेव्हा विशीत होते आणि पाय गेले. पोहणं त्यांच्या आयुष्यात आलं ते फिजिओथेरपी म्हणून, उपचाराचा भाग म्हणून. त्याच पोहण्याने १९७२मध्ये हायडेलबर्गला त्यांना ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण मिळालं, ३७.३३ सेकंदांत. भारताचं ते पॅरालिंपिकमधलं पहिलं सुवर्ण. त्यांच्यावरचा ‘चंदू चॅम्पियन’ हा चित्रपट पाहून आलेली पोरं पदकाबद्दल बोलतात. मला त्यातलं उपचाराचं पाणी जास्त मोलाचं वाटतं. कुणीतरी त्या जवानाला सांगितलं की हे करून बघ, आणि तो रोज पाण्यात उतरला.

हे सगळं करूनही काही पोरं कोमेजतात. चिडचिड, रडू, दोन-चार दिवस अबोला, एवढं साहजिक आहे. पोराने हसतमुख राहावं असा हट्ट धरू नका. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप उडाली, जेवण तुटलं, मित्रांचे फोन घेणं बंद झालं, ‘आता कशाला’ अशी भाषा येऊ लागली, तर तो गुडघ्याचा विषय राहिलेला नाही. ज्या डॉक्टरांनी पाय पाहिला त्यांनाच आधी सांगा, ते पुढे पाठवतील. सरकारची टेलि-मानस ही सेवाही आहे. १४४१६ या क्रमांकावर फोन लावला की समुपदेशकाशी बोलता येतं, पैसे लागत नाहीत. मिरवणुकीत बँडपथकापुढे नाचता येणार नाही म्हणून रडणारी मुलगी आणि खोलीचं दार लावून घेणारी मुलगी, या दोघींत फरक आहे. तो आईला बहुतेक वेळा आधी कळतो. वडिलांनी तिचं ऐकावं.

पुढच्या आठवड्यात : एका पायावर उडी मारून पाहणं, दोन्ही पायांच्या ताकदीची तुलना करणं आणि मैदानावर परतण्याआधीच्या बाकीच्या चाचण्या. टेप, खडू आणि फिजिओची परवानगी असेल तर यातल्या काही शाळेच्या पटांगणावरही घेता येतात.