सुळ्यात मावलेला मेंढपाळ

देवनारच्या बाजारात शेळ्या-मेंढ्यांमागे काठी घेऊन चालणारा धनगर ज्याने पाहिला आहे, त्याला खांद्यावर कोकरू घेतलेला येशू परका वाटणार नाही. सतराव्या शतकात गोव्यात हस्तिदंतातून घडलेला ‘बॉम पास्तोर’, म्हणजे चांगला मेंढपाळ, असाच आहे: एक कोकरू खांद्यावर, एक मांडीवर, जवळ झोळी आणि पाण्याचा भोपळा, गाल हातावर टेकलेला, डोळे मिटलेले. त्याच्या खाली थराथरांचे टेकाड, झऱ्यावर पाणी पिणारी जनावरे आणि तळाच्या गुहेत पहुडलेली मारिया माग्दालेना. मूर्ती अनेकदा वीतभरच असते, पण तिच्यात अख्खा डोंगर मावतो.

‘कल्पना युरोपची, हात गोव्याचे’ अशी या कामाची वाटणी केली जाते. ती मला पटत नाही. हस्तिदंत कारागिराला मोकळीक देत नाही. सुळा बुंध्याशी पोकळ, पुढे भरीव आणि सगळाच वाकडा. मध्ययुगात पॅरिसच्या आणि जर्मनीतल्या ऱ्हाइनकाठच्या कारागिरांनी त्या बाकाचाच उपयोग करून येशूची आई मेरी हिला कमरेत डौलदार झोक दिला. गोव्यात वेगळे तुकडे कोरून खुंट्यांनी जोडले आणि आडव्या थरांनी उंची गाठली. मेंढपाळ युरोपने दिला, हा डोंगर मात्र इथे सुचला. मिटल्या डोळ्यांत बुद्ध दिसतो, असे काही अभ्यासक म्हणतात. पण हातावर गाल टेकून बसलेला व्यथित ख्रिस्त मध्ययुगाच्या अखेरीस जर्मनीतही कोरला जात होता. म्हणून चेहऱ्यापेक्षा रचनेची साक्ष मला अधिक भक्कम वाटते.

घडवणारे कोण, हा प्रश्न मात्र सुटत नाही. ख्रिस्ती मूर्ती अन्यधर्मीयांकडून करवून घेऊ नयेत, असे 1567 च्या गोव्यातील धर्मपरिषदेने बजावले. म्हणजे त्या तशा होतच होत्या. नावे मात्र उरली नाहीत. उरलेल्या मूर्तींनाही कोकणची हवा सोसत नाही. हस्तिदंत ओल शोषतो, सुकला की आकसतो, तडकतो. जुन्या गोव्यातल्या सांता मोनिका मठातील ख्रिस्ती कला संग्रहालयाला हे राखणे रोजच करावे लागते. नवे काम होणार नाही, आणि होऊही नये. सुळ्याचे मूळ हत्तीच्या कवटीत रुतलेले असते, त्यासाठी हत्ती मारले गेले. 1989 मध्ये ठरलेली आंतरराष्ट्रीय व्यापारबंदी योग्यच होती. बंदीने कला मेली, ही तक्रार मी मान्य करत नाही, कारण रचनेची ती बुद्धी लाकडातही चालते. अशा मूर्तींना लावल्या जाणाऱ्या ‘इंडो-पोर्तुगीज’ या शब्दात दोन देश येतात, माणूस येत नाही. मूर्तीखालच्या पाटीवर ‘गोव्याचा अनाम कारागीर’ एवढे तरी लिहिले जावे.