चौकट : पांढरं दिसलं की कोडच?

बहारीनच्या जुफैरला राहा की जुन्नरला, पांढऱ्या केसांचं, पांढऱ्या पापण्यांचं मूल दिसलं की मराठी माणूस हळूच विचारतो, ‘कोड आहे का?’ नसतं. कोड नंतर, डागाडागांनी उमटतं. ही वर्णहीनता (अल्बिनिझम) उपजत असते. शरीरात मेलॅनिन फारच कमी बनतं, त्यामुळे नजर अधू आणि ऊन सोसत नाही. तरी हिंदीत अशांना म्हणतात ‘सूरजमुखी’! अरबीत मात्र कोड तो ‘बुहाक’ आणि वर्णहीनता ती ‘महक’, असा चोख भेद.

आखातापलीकडे इराणात, फिरदौसीच्या ‘शाहनामा’त (सुमारे इ.स. १०१०) पांढऱ्या केसांचा झाल जन्मला, तेव्हा बाप सामने लाजेपोटी त्याला डोंगरावर टाकून दिलं. सीमुर्ग पक्ष्याने तो वाढवला. पुढे त्याच्याच पोटी रुस्तुम आला. टांझानियात मात्र जादूटोण्याच्या नादात अशा माणसांचे खून पडले. २०१५पासून संयुक्त राष्ट्रं १३ जूनला वर्णहीनता जागृती दिन पाळतात.

प्राण्यांत घोळ उलटा : पांढरा दिसला की वर्णहीन ठरवतात. बहारीनच्या अल अरीन उद्यानातला शुभ्र ओरिक्स वर्णहीन नाही. त्याच्या तोंडावर, पायांवर काळा रंग ठसठशीत आहे. रीवाच्या महाराजांनी १९५१मध्ये पकडलेला पांढरा वाघ ‘मोहन’ही नव्हता : डोळे निळे, पट्टे शाबूत.