पाहुणचाराची विद्या आणि सार्वजनिक पैसा

बारावीचे निकाल लागले म्हणजे सुशिक्षित घरांतून जी खलबते सुरू होतात, त्यांत वैद्यक, स्थापत्य, कायदा, हिशेबनिशी ही नावे सहज उच्चारली जातात. परंतु एखाद्या मुलाने अगर मुलीने हॉटेल व उपाहारगृह चालविण्याचे शास्त्र शिकण्याची इच्छा दर्शविली, की घरातील वडीलधारी मंडळी एकमेकांकडे पाहू लागतात. आजीस वाटते, नातू आचारी होणार. काकांस शंका येते, याला पदवी तरी मिळते का? आणि कर भरून वैतागलेले वडील विचारतात, भजी तळावयास शिकविण्यासाठी सरकारने खजिन्यातून पैसा का ओतावा? या तिन्ही प्रश्नांत शेवटचा आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. कारण त्याचे उत्तर नीट सापडले, की पहिल्या दोहोंची उत्तरे त्याच्या पाठोपाठ येतात.

प्रथम ही विद्या आहे तरी काय, ते पाहू. या शिक्षणाच्या चार शाखा मानतात: अन्न सिद्ध करणे, ते वाढणे, आलेल्या पाहुण्याचे स्वागत व नोंद करणे आणि त्याच्या खोलीची निगा राखणे. दहा माणसांचा स्वयंपाक करणारी गृहिणी मीठतिखट हाताच्या अंदाजाने घालते, आणि तो अंदाज सहसा चुकत नाही. पण दहाची पाने पाचशे झाली म्हणजे सर्व जिन्नस पन्नासपट करून भागत नाही. मोठ्या पातेल्यातील पाणी त्याच प्रमाणात आटत नाही. मसाला त्याच प्रमाणात घातला तर भाजी उग्र होते. आणि पातेल्याच्या पोटातील वरण तासन्‌तास कोमट राहून बिघडते. शिजविलेले अन्न साठ अंश सेंटिग्रेडच्या वर ऊन ठेवावे किंवा पाच अंशांच्या खाली थंड ठेवावे, मधल्या उष्णतेत जंतू झपाट्याने वाढतात, हे ज्ञान हाताच्या अंदाजाने येत नाही. एका ताटाचे मोल ठरविताना धान्यभाजीबरोबरच इंधन, पगार, भाडे आणि फुकट गेलेले अन्नही हिशेबात धरावे लागते. प्रत्येक पलंगामागे चादरींचे निदान तीन जोड हवेत: एक पलंगावर, एक धुण्यात व एक कपाटात. ही गोष्ट ऐकावयास क्षुल्लक. पण जिच्या अभावी रात्री अकरा वाजता आलेल्या प्रवाशास ताटकळत बसावे लागते, ती क्षुल्लक कशी म्हणावी?

आता पैशाकडे वळू. विद्यार्थ्यासाठी समाजाने खर्च करावा, ही कल्पना आपणांस मुळीच परकी नाही. पुण्यामुंबईच्या कितीतरी घरांनी एके काळी गरीब मुलांना वार लावून जेवू घातले. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे जेवून शिकलेली माणसे पुढे वकील, मामलेदार, अध्यापक झाली, आणि त्या घरांनी त्याचा अभिमान बाळगला. मात्र त्या दातृत्वात एक गोष्ट गृहीत धरलेली असे. विद्या म्हणजे पोथीपुस्तकाची विद्या. जी माउली चुलीपाशी बसून त्या विद्यार्थ्याचे पान वाढीत होती, तिच्या हातीही एक विद्या आहे, आणि तीही शिकविता येण्याजोगी व मोलाने विकता येण्याजोगी आहे, असे फारसे कोणाच्या मनात आले नाही. आज सार्वजनिक पैसा त्या विद्येकडे वळला आहे, एवढाच काय तो फरक.

हा पैसा खर्च करण्यास आम्हांस तीन कारणे दिसतात. पहिले असे की, जेवणाऱ्यास मुदपाकखाना दिसत नाही. कापड घेताना आपण पोत पाहतो, भांडे घेताना वाजवून घेतो. पण भोजनगृहातील आमटी कोणत्या पाण्याची, ती ढवळणाऱ्याने हात धुतले होते की नाही, हे पुढ्यात आलेल्या वाटीवरून कळत नाही. म्हणून 2006 सालच्या अन्नसुरक्षा कायद्यानंतर, अन्न हाताळणाऱ्या दर पंचवीस माणसांमागे निदान एक देखरेख करणारा शिक्षित असावा, असा दंडक सरकारी प्राधिकरणाने घातला. एका शहाण्या आचाऱ्याचा लाभ त्याच्या मालकापुरता राहत नाही. वाटेवर जेवणाऱ्या शेकडो अनोळखी माणसांस तो मिळतो. ज्याचा लाभ सर्वांस, त्याचा खर्च काही अंशी सर्वांनी सोसणे न्यायाचे होय.

दुसरे कारण व्यवहाराचे आहे. आपल्याकडील बहुतेक उपाहारगृहे व खाणावळी लहान, एकेका कुटुंबाच्या मालकीच्या. अशा मालकाने पदरचा पैसा घालून एखाद्या पोऱ्यास तयार केले, तर चार रुपये अधिक देणारा शेजारी त्याला उचलून नेतो. म्हणून कोणीच शिकवीत नाही, आणि सर्वच जण शिकलेली माणसे मिळत नाहीत म्हणून कुरकुरतात. स्वित्झर्लंडमधील हॉटेलमालकांनी यावर संघटनेचा उपाय काढला. 1893 साली लोझान येथे निघालेली हॉटेलशाळा हे त्या धंद्याचेच अपत्य होते. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाने 1922 साली हे शिक्षण सुरू केले, तेही तेथील हॉटेलचालकांच्या पाठबळावर. आपल्याकडे धंदा विखुरलेला. त्याच्या हातून असे काही होण्याची वाट पाहिली असती, तर पिढ्या गेल्या असत्या.

तिसरे कारण आमच्या वाचकांस थोडे बोचेल, पण ते सांगणे अगत्याचे आहे. जुन्या काळी आचाऱ्याची मुख्य लायकी त्याची जात ही होती. ब्राह्मणाच्या हातचे सर्वांस चालते, म्हणून ब्राह्मण आचारी. खाणावळीच्या पाटीवरही ‘ब्राह्मणांची’ असे ठळक लिहिलेले. हात कसा आहे हे मागाहून, जन्म कोणता हे आधी. सरकारी संस्थेच्या दारावर ही पाटी लावता येत नाही. तेथे अखिल भारतीय परीक्षेतून आणि राखीव जागांच्या नियमाने प्रवेश मिळतो. ज्याच्या आजोबांस पंगतीच्या जवळ फिरकू दिले नसते, तो मुलगा आज मोठ्या हॉटेलात मुख्य आचारी होऊ शकतो. खाजगी पैशाने हे दार इतक्या लवकर उघडले असते, असे आम्हांस वाटत नाही.

हा पैसा आपल्याकडे प्रथम आला तो प्रवाशांच्या सुखासाठी नव्हे, तर अन्नटंचाईच्या चिंतेतून, ही हकीकत फार थोड्यांस ठाऊक असते. 1943 साली बंगालात भीषण दुष्काळ पडला, आणि त्याच वर्षी मुंबईत धान्याचे रेशनिंग सुरू झाले. स्वातंत्र्यानंतरही धान्य परदेशांतून आणावे लागे. 1950 ते 1952 या काळात कन्हैयालाल मुनशी केंद्राचे अन्नमंत्री होते. त्यांच्या पत्नी, गुजराती लेखिका लीलावती मुनशी, यांनी महिलांच्या अन्न परिषदेच्या द्वारे स्वस्त व पोषक आहाराची चळवळ चालविली. ‘अन्नपूर्णा’ नावाची उपाहारगृहे काढली. त्याच परिषदेच्या खटपटीने 1954 साली मुंबईत हॉटेलव्यवस्थापन शिकविणारी संस्था निघाली; पुढे ती दादरला स्थिरावली. तिच्या लांबलचक नावाच्या अखेरीस ‘उपयोजित पोषण’ हे शब्द आजही आहेत. धान्य वाया न घालविता पुष्कळांस सकस अन्न कसे द्यावे, ही तिच्या जन्माची प्रेरणा होती. आणि ती बायकांच्या खटपटीतून जन्मली, हेही विसरू नये. अशा संस्था 1982 पर्यंत केंद्राच्या अन्न विभागाकडे होत्या. त्या वर्षी त्या पर्यटन खात्याकडे गेल्या आणि त्यांच्या अभ्यासक्रमांसाठी राष्ट्रीय परिषद स्थापन झाली. नाव तेच राहिले, धनी बदलला. भुकेल्याची चिंता मागे पडून प्रवाशाची सरबराई पुढे आली.

आज या शिक्षणास अनेक पायऱ्या आहेत. केंद्राच्या संस्थांत तीन वर्षांचा पदवीक्रम आहे. पुण्यासही राज्य सरकारची संस्था आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत अन्न सिद्ध करण्याचा एक वर्षाचा अभ्यासक्रम चालतो. काही शाळांत नववीपासून पर्यटन व आतिथ्य हा विषय घेता येतो. याशिवाय 2009-10 साली पर्यटन मंत्रालयाने ‘हुनर से रोजगार तक’ ही योजना काढली. आठवी उत्तीर्ण झालेल्या तरुणांस सहा ते आठ आठवडे फुकट शिकवावे आणि वर विद्यावेतनही द्यावे, अशी ती योजना. आठ आठवड्यांत कोणी बल्लवाचार्य होत नाही, हे खरे. पण मोरीवर भांडी घासणाऱ्या मुलास ओट्यापाशी उभे राहण्याचा अधिकार मिळतो, आणि त्याच्या पगारात व त्याच्या स्वतःविषयीच्या मतात फरक पडतो.

येथपर्यंत आम्ही या खर्चाचे समर्थन केले. पण समर्थन म्हणजे डोळे मिटणे नव्हे. या पैशाचा लाभ विद्यार्थ्यास होतो, लोकांस होतो, की केवळ हॉटेलमालकास, याचा जमाखर्च मांडलाच पाहिजे.

पदवीच्या विद्यार्थ्यास शिक्षणकाळात काही महिने प्रत्यक्ष हॉटेलात उमेदवारी करावी लागते. चारही शाखांत त्याला आळीपाळीने फिरवावे, हा त्यातील हेतू. परंतु गर्दीच्या हंगामात त्याला सोळा आठवडे कांदे चिरावयास अगर चादरी बदलावयास लावले, तर ती उमेदवारी कसली? ते बिनपगारी अगर अल्पपगारी काम झाले. मुलगा शिकत नाही. मालकाच्या एका नोकराचा पगार वाचतो, आणि त्या वाचलेल्या पगारात करदात्याचा वाटा असतो. 2016 साली निघालेल्या राष्ट्रीय उमेदवारी योजनेत विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, दरमहा दीड हजार रुपयांपर्यंत, सरकारने सोसावा असे ठरले. अशी मदत योग्यच. पण मदतीबरोबर अटही हवी. उमेदवार कोणत्या शाखेत किती दिवस होता, रोज किती तास उभा होता, त्याला काय शिकविले, याची वही प्रत्येक हॉटेलाने ठेवावी आणि संस्थेच्या शिक्षकाने ती जागेवर जाऊन तपासावी. जे हॉटेल वर्षानुवर्षे उमेदवार घेते आणि त्यांतील एकासही नोकरी देत नाही, त्यास पुढे उमेदवार देऊ नयेत. असा नियम कडक वाटेल. परंतु सार्वजनिक पैसा घेणाऱ्याने सार्वजनिक नजर सोसली पाहिजे.

दुसरी गोष्ट वाटणीची. पदवीधरांपैकी कित्येक जण जहाजांवर, विमानकंपन्यांत, परदेशी हॉटेलांत जातात. त्यात गैर काही नाही. तरुणांनी जग पाहावे. मात्र खजिन्यात पैसा मर्यादित असता, ज्या घरांस शुल्क भरणे शक्य आहे त्यांनी ते भरावे, आणि वाचलेला पैसा आठवी-दहावीनंतर ढाब्यावर अगर खाणावळीत राबणाऱ्या मुलांच्या अल्पमुदतीच्या वर्गांवर खर्च व्हावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. प्रवासी ज्या हजारो लहान जागी जेवतो व झोपतो, तेथील स्वच्छता याच मुलांच्या हाती असते. पंचतारांकित हॉटेलास माणसे मिळतीलच. कोकणातल्या एखाद्या घरगुती निवासाच्या मालकिणीस कोण शिकविणार?

या धंद्यात धोका नाही, असेही आम्ही म्हणत नाही. 2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली तेव्हा हॉटेले एका रात्रीत ओस पडली आणि अनेकांच्या नोकऱ्या गेल्या. कामाच्या वेळा विचित्र. सणावारी सर्व घर पंगतीस बसले असता हा मुलगा दुसऱ्यांच्या पंगती वाढीत असतो. रात्रपाळीच्या मुलींच्या जाण्यायेण्याचा प्रश्न तर खराच. ही माहिती प्रवेशापूर्वीच मुलांपुढे ठेवावी. अर्ध्यावर सोडलेल्या अभ्यासक्रमात मुलाचीही वर्षे जातात व सार्वजनिक पैसाही.

सामिष पदार्थ हाताळण्याच्या शंकेने पुष्कळ घरे बिचकतात. त्यांच्या माहितीसाठी सांगतो की, अहमदाबादसारख्या काही सरकारी संस्थांनी अलीकडच्या काळात शाकाहारी शिक्षणाचा पर्याय ठेवला आहे. तथापि तो निवडताना पुढील नोकऱ्यांचे क्षेत्र किती आकुंचित होते, याचाही विचार मुलांनी स्वतः करावा. वडिलांनी आपले सोवळे त्यांच्या पोटावर बांधू नये.

ज्या घरी असा प्रश्न उभा असेल त्या घराने संस्थेत जाऊन चार गोष्टी विचाराव्यात: उमेदवारीस मुलांस कोठे धाडता, त्यांना दरमहा काय मिळते, कामाचे तास किती असतात, आणि मागील तीन वर्षांचे विद्यार्थी आज कोठे आहेत. ज्या संस्थेस ही उत्तरे देता येत नाहीत तिच्या इमारतीच्या भव्यतेस भुलू नये. सरकारी शिष्यवृत्ती व शुल्कसवलत यांची चौकशी लाज न बाळगता करावी. ते दान नव्हे, तरुण पिढीकडून पुढे वसूल व्हावयाचे भांडवल आहे. ती वसुली रोख रकमेत होत नाही. घर सोडून दूर गेलेल्या माणसास परक्या गावी स्वच्छ पान, कोरडे अंथरूण आणि प्रामाणिक हिशेब मिळतो, तेव्हा ती होते.