वांग्यावरचा फवारा, माणसाच्या अंगात

थंडी पडली की यावल परिसरात भरीत पार्ट्यांचे बेत सुरू होतात. बामणोदची वांगी प्रसिद्ध आहेतच; जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. या वांग्याचा मोठा वैरी म्हणजे शेंडा आणि फळ पोखरणारी अळी. अंड्यातून निघाल्यावर काही तासांतच ती आत शिरते. मग वरून मारलेले औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. शेतकरी पुन्हा फवारतो, मात्रा वाढवतो, दोन-तीन औषधे एकाच पंपात मिसळतो.

‘औषध’ हा शब्दच घात करतो. हे विष आहे, हे बोलण्यातून निघूनच गेले आहे.

फवारणीनंतर त्रास झालेला रुग्ण दवाखान्यात येतो तेव्हा घरचे बहुधा सांगतात, ‘डॉक्टरसाहेब, ऊन लागलं.’ घाम, मळमळ, डोकेदुखी ही लक्षणे उन्हानेही होतात. पण तोंडाला लाळ सुटली असेल, डोळ्यांतून पाणी येत असेल, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील, अंगावरचे स्नायू थरथरत असतील, तर ते ऊन नव्हे. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशके शरीरातील कोलिनेस्टरेज हे विकर निकामी करतात. नसांकडून स्नायूंना आणि ग्रंथींना जाणारा इशारा मग थांबतच नाही. फुप्फुसांत स्राव भरतो, श्वास अडकतो. अॅट्रोपिन वेळेत मिळाले तर बहुतेक रुग्ण वाचतात. मात्र बरे वाटले म्हणून दुसऱ्या दिवशी घरी जायची घाई करू नये. एक ते चार दिवसांत मान उचलता न येणे, श्वास कमी पडणे असा दुसरा झटका येऊ शकतो.

विष पोटातूनच जाते, हा मोठा गैरसमज आहे. फवारणाऱ्याच्या अंगात ते मुख्यतः कातडीतून जाते. पाठीवरचा पंप गळतो, सदरा भिजतो आणि तोच सदरा संध्याकाळपर्यंत अंगावर राहतो. घामेजलेल्या कातडीतून विष अधिक शोषले जाते; जांघेच्या नाजूक कातडीतून तर हाताच्या कितीतरी पट. तोंडाला बांधलेला रुमाल फवाऱ्याने ओला झाला की उलट विषाची घडीच नाकाशी धरल्यासारखे होते. तुंबलेला नोझल तोंडाने फुंकण्याबद्दल तर काय लिहावे!

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. कपाशी उंच वाढलेली, फवारा थेट तोंडावर येत होता. टोमॅटोच्या किंवा कारल्याच्या मांडवात हेच घडते. फक्त एका वेळी एक-दोन माणसे पडतात, म्हणून बातमी होत नाही.

असे कोणी पडले तर आधी त्याला शेताबाहेर आणा, सगळे कपडे काढा, साबण आणि भरपूर पाण्याने अंग धुवा. धुणाऱ्याने हातमोजे किंवा प्लॅस्टिकची पिशवी हाताला बांधावी. मीठ-पाणी पाजून उलटी काढू नका. १०८ ला फोन करा आणि औषधाची बाटली सोबत आणा. ‘हिरव्या रंगाचं होतं’ एवढ्यावरून उपचार ठरत नाहीत.

आता खाणाऱ्यांविषयी. प्रत्येक औषधाच्या माहितीपत्रकावर फवारणी आणि तोडणी यांत किती दिवस सोडायचे ते छापलेले असते. वांगी, भेंडी दर दोन-चार दिवसांनी तोडावी लागते, बाजार थांबत नाही, आणि तिथेच हे दिवस चुकतात. केवळ शेतकऱ्याला दोष देणे मला पटत नाही. डाग नसलेले, चकाकणारे वांगे आपणच निवडतो. भाजी वाहत्या पाण्यात चोळून धुतल्यास वरचा अंश बराच कमी होतो, पण झाडात भिनणारे औषध धुऊन जात नाही. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरायला २००५ पासूनच बंदी आहे.

या अळीसाठी स्वस्त उपाय आहेत. सुकलेले शेंडे आणि किडकी फळे दर आठवड्याला तोडून नष्ट करावीत. बांधावर फेकली तर अळी तिथूनच परत येते. मादीच्या गंधाने नर पतंग पकडणारे कामगंध सापळे लावावेत, सुरुवातीला ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा. रिकाम्या बाटल्यांना भोक पाडून त्या निकामी कराव्यात. २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शालेय जेवणातून २३ मुले दगावली; त्या तेलात मोनोक्रोटोफॉस सापडले होते. आपल्याकडे अशाच डब्यांत अजूनही रॉकेल, पाणी, कधी दाणेसुद्धा ठेवलेले दिसतात.